हादऱ्यांशी भांडलेला माणूस : अल्बर्ट मायकेल्सन
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्ये मायकेल्सन इंटरफेरोमीटर नावाचं एक यंत्र भेटतं. दोन आरसे, मध्ये एक तिरकी काच आणि एक अतिशय हळू फिरणारा स्क्रू, बस्स एवढंच. आपण डोळा लावून काळे-उजळ पट्टे, म्हणजे फ्रिंजेस मोजत असतो आणि नेमका चाळिसाव्या-पन्नासाव्या फ्रिंजला कुणाचा तरी कोपर टेबलाला लागतो. सगळे पट्टे थरथरतात आणि गायब! मोजणी पुन्हा एकपासून सुरू. ज्या माणसाचं नाव त्या यंत्राला आहे, त्याचं अर्धं आयुष्य ह्याच एका धक्क्याशी भांडण्यात गेलं, हे मला यंदा व्हायब्रेशन आयसोलेशनचा चॅप्टर शिकताना कळलं.

हा माणूस आपल्यापासून फार लांबचा आहे असंही समजू नका. आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, काटकोनात. पण मुळात ते काय आहे? आपल्या लॅबमधलंच यंत्र, अवाढव्य केलेलं! म्हणून म्हटलं, यंदाच्या अंकात ह्या माणसाची गोष्ट सांगावी. (परदेशी शास्त्रज्ञाला ‘तो’ म्हणायची आपली जुनी सवय आहे, ती मीही सोडत नाही. सरांनी राग मानू नये.)

अल्बर्ट अब्राहम मायकेल्सनचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी स्ट्रेल्नो ह्या गावी झाला. तेव्हा ते गाव प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. अल्बर्ट दोन-तीन वर्षांचा असतानाच आई-वडिलांनी गाव सोडलं आणि बोटीने अमेरिका गाठली. कॅलिफोर्नियात तेव्हा सोन्याच्या खाणींचं वेड होतं. वडील खाणीत उतरले नाहीत, त्यांनी खाणकामगारांना लागणाऱ्या सामानाचं दुकान टाकलं. (मला वाटतं, सोन्याच्या धंद्यात खरा शहाणा तोच!) पुढे हे कुटुंब नेवाडातल्या चांदीच्या खाणींच्या गावी गेलं. अल्बर्टला मात्र शिक्षणासाठी सॅन फ्रान्सिस्कोला ठेवलं होतं. तिथे तो हेडमास्तरांच्या घरीच राहायचा आणि शाळेच्या प्रयोगशाळेतली उपकरणं सांभाळायचा. ह्या कामाचे त्याला महिन्याला ३ डॉलर मिळत. उपकरणांना हात लागला तो असा.

१८६९ मध्ये शाळा संपली. कॉलेजची फी परवडणारी नव्हती. अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीत फी नव्हती, पण जागा शिफारशीवर मिळत. नेवाडाच्या एका जागेच्या परीक्षेत हा आणि दुसरे मुलगे बरोबरीत आले आणि जागा दुसऱ्याला मिळाली. सोळा वर्षांचं पोरगं मग काय करेल? त्याच वर्षी अमेरिकेचा एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला होता. हा गाडीत बसला आणि थेट वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटला. राष्ट्राध्यक्षांच्या हातातल्या दहा जागा आधीच भरल्या होत्या. तरीही शेवटी अकरावी जागा काढली गेली आणि अल्बर्ट नौदलात दाखल झाला. अ‍ॅडमिशनसाठी राउंडमागून राउंड बघत बसलेल्या आपल्या मंडळींना ही गोष्ट आवडायला हरकत नाही.

१८७३ मध्ये तो पास आउट झाला. वर्गात एकूण २९ जण होते. ऑप्टिक्समध्ये हा पहिला आला, आणि जहाज चालवण्याच्या विषयात, ज्यासाठी ती अकॅडमी होती त्यातच, पंचविसावा! दोन वर्षं समुद्रावर काढून तो परत तिथेच शिकवायला आला. १८७७ मध्ये मार्गारेट हेमिंगवे हिच्याशी लग्न झालं. पुढच्या वर्षी वर्गात दाखवायला म्हणून त्याने प्रकाशाचा वेग मोजण्याचा प्रयोग उभा केला आणि तिथेच त्याला चटक लागली. सासऱ्यांनी २,००० डॉलर दिले. त्या पैशातून नीट आरसे-भिंगं घेऊन १८७९ मध्ये त्याने समुद्राच्या भिंतीलगत सुमारे ६०० मीटर अंतरावर प्रकाश पळवला आणि आकडा काढला : सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर, फार तर ५० इकडे तिकडे. त्या काळातला जगातला सगळ्यात चांगला आकडा, आणि तो एका सव्वीस वर्षांच्या नेव्ही ऑफिसरने काढलेला. पेपरात नाव झळकलं.

आता मुख्य भानगडीकडे येऊ. त्या काळी सगळ्या मोठ्या शास्त्रज्ञांचं मत होतं की लाटेला जसं पाणी लागतं तसं प्रकाशाला काहीतरी माध्यम लागतंच. त्याला त्यांनी ईथर नाव दिलं होतं. सगळं विश्व ईथरने भरलेलं, आणि त्यातून पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती चाललेली. म्हणजे आपल्या अंगावरून ईथरचा वारा सतत वाहत असला पाहिजे. मग तो मोजायचा कसा? मांजरा नदीत दोन पोहणारे सोडले असं समजा. एक प्रवाहाला आडवा जाऊन परत येतो, दुसरा तेवढंच अंतर प्रवाहाविरुद्ध जाऊन प्रवाहाबरोबर परत येतो. गणित करून बघा, दुसऱ्याला नेहमी जास्त वेळ लागतो. प्रकाशाच्या बाबतीत हा फरक दहा कोटींत एक भाग इतका बारीक निघतो. मॅक्सवेलने १८७९ मध्ये, मरणाच्या थोडं आधी, एका पत्रात लिहिलं होतं की पृथ्वीवर राहून इतका फरक मोजणं शक्य नाही. ते पत्र मायकेल्सनच्या वाचनात आलं. ह्या माणसाला अशक्य हा शब्द दाखवायला नको होता.

१८८० मध्ये तो रजा घेऊन युरोपात गेला, बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या प्रयोगशाळेत. तिथे त्याने ते यंत्र रचलं, जे आज आपल्या लॅबमध्ये आहे. एकच प्रकाशकिरण तिरक्या काचेवर दोन भागांत फोडायचा, दोघांना काटकोनात पाठवायचं, आरशावरून परत आणून एकमेकांवर टाकायचं. एकाला जरा जरी उशीर झाला तरी पट्टे सरकतात. यंत्राचा खर्च टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलच्या निधीतून झाला.

यंत्र झालं, पण वापरायचं कुठे? प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढी. आरसा तेवढ्याच्या पाव भागानेही हलला तरी उजळ पट्ट्याच्या जागी काळा येतो! बर्लिनच्या रस्त्यावर घोडागाड्या, गाड्यांना लोखंडी धावा, खाली फरसबंदी. दिवसा काम अशक्यच झालं. रात्री बसून बघितलं. आरसे भुजांच्या मध्यावर आणून ठेवले तर पट्टे दिसायचे, पण त्यांची जागा मोजता यायची ती रात्री बारानंतर, आणि तीही मधूनमधून. आरसे टोकाला नेले की पट्टे क्वचितच दिसत. शेवटी सगळं बोचकं उचलून तो पोट्सडॅमच्या वेधशाळेत गेला. तिथे तळघरात, दुर्बिणीच्या खांबाच्या विटांच्या पायावर यंत्र ठेवलं. एप्रिल १८८१. इथे पट्टे शांत होते, पण किती शांत? शंभर मीटरवरच्या फुटपाथवर कुणी जोरात पाय आपटला तरी ते सगळे नाहीसे होत!

तरीही त्याने मोजलं, आणि ईथरचा वारा सापडला नाही. पण हे उत्तर कुणी गंभीरपणे घेतलं नाही. लोरेन्ट्झने त्याच्या गणितातली एक चूक दाखवली. ती दुरुस्त केल्यावर अपेक्षित सरकणं आणखी निम्म्यावर आलं आणि यंत्राच्या थरथरीत बुडून गेलं. मला ह्या सगळ्या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. मोजून शून्य आलं तर दोन अर्थ निघतात. एक तर ती गोष्ट खरंच नाही, किंवा ती आहे पण आपल्या हादऱ्यांत हरवली. जोपर्यंत हादरे मोजायच्या गोष्टीपेक्षा मोठे आहेत तोपर्यंत त्या शून्याला काडीची किंमत नाही.

पुढे नौदल सोडून तो क्लीव्हलँडच्या केस स्कूल ऑफ अप्लाइड सायन्समध्ये प्रोफेसर झाला. म्हणजे आपल्यासारखंच एक इंजिनिअरिंग कॉलेज! शेजारीच वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटी होती. तिथे एडवर्ड मोर्ले हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. वयाने मोठा, शांत, देवधर्म करणारा. मायकेल्सन अगदी उलट, तापट, टापटिपीचा, टेनिस आणि बिलियर्ड्स खेळणारा, व्हायोलिन वाजवणारा. दोघांची जोडी जमली ती फक्त मोजमापाच्या वेडामुळे. पण १८८५ मध्ये मायकेल्सनची तब्येत मानसिक ताणाने ढासळली. उपचारासाठी न्यूयॉर्कला जावं लागलं. तो पुन्हा शास्त्रीय काम करू शकेल असं मोर्लेलाही वाटत नव्हतं. काही महिन्यांत तो परत आला. पुढे १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये केस स्कूलच्या मुख्य इमारतीला आग लागली आणि लॅब गेली. आता यंत्र ठेवायचं कुठे? मोर्लेच्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅडेलबर्ट नावाचं दगडी बांधकामाचं हॉस्टेल होतं. त्याच्या तळघरात जागा मिळाली.

होय, विज्ञानातल्या सगळ्यात प्रसिद्ध प्रयोगांपैकी एक हॉस्टेलच्या बेसमेंटमध्ये झाला! हॉस्टेलमध्ये रात्रभर काय काय हादरत असतं हे आपल्याला माहीत आहे. त्यांनी मुहूर्त काढला जुलैचा.

पण जागेपेक्षा मोठी युक्ती खाली होती. बर्लिन आणि पोट्सडॅमला यंत्र खांबाला घट्ट बसवलेलं होतं. आपल्यालाही आधी हेच सुचतं, हलतंय ना, मग बोल्ट आवळा, पाया मजबूत करा. पण घट्ट बसवलेलं यंत्र म्हणजे जमिनीचाच एक तुकडा. जमीन हलली की तेही हललं. क्लीव्हलँडला त्यांनी उलटं केलं. सुमारे दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड अशी सँडस्टोनची शिळा घेतली. घनफळ काढून बघा, वजन दीड टनाच्या आसपास येतं, म्हणजे दोन छोट्या मोटारी. ही शिळा लाकडी कडीवर ठेवली आणि ती कडी बिडाच्या गोल कुंडातल्या पाऱ्यावर तरंगत सोडली. दगड पाण्यावर तरंगल्याच्या कथा आपण लहानपणी ऐकल्या आहेत. हा पाऱ्यावर तरंगला. (त्या पाऱ्याची वाफ दोघांनी किती हुंगली असेल देव जाणे. आज कुठलाही सेफ्टी ऑफिसर हे करू देणार नाही.)

ह्यात काय साधलं ते आपल्या सिलॅबसच्या भाषेत सांगते. स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूची नॅचरल फ्रीक्वेन्सी जितकी कमी, तितके खालचे जास्त धक्के अडतात. खालून येणाऱ्या कंपनाची फ्रीक्वेन्सी नॅचरल फ्रीक्वेन्सीच्या १.४१४ पटीच्या वर गेली तरच आयसोलेशन सुरू होतं. त्याच्या आत असाल तर स्प्रिंग धक्का उलट वाढवते! म्हणून वस्तू जड हवी आणि आधार मऊ हवा. पण मऊ स्प्रिंग वजनाने खाली दबते. नॅचरल फ्रीक्वेन्सी १ हर्ट्झवर आणायची तर स्प्रिंग जवळजवळ २५ सेंटिमीटर दबली पाहिजे. पाऱ्याने ही अडचणच काढून टाकली. वजन उद्धरण बलाने उचललं, आणि आडव्या दिशेला किंवा फिरण्याला विरोध जवळपास शून्य. एकदा हलकेच ढकलली की शिळा सावकाश फिरत राहायची, साधारण सहा मिनिटांत एक फेरी. मायकेल्सन डोळा दुर्बिणीला लावून तिच्याबरोबर गोल गोल चालायचा. थांबायचं नाही, हात टेकायचा नाही, सोळा ठिकाणी आकडा सांगायचा.

शिळेवर सोळा आरसे बसवून प्रकाशाची वाट ११ मीटरपर्यंत लांबवली होती. ईथर असेल तर पट्टे ०.४ भागाने सरकायला हवे होते. ८, ९, ११ आणि १२ जुलै १८८७, ह्या चार दिवसांत दुपारी आणि संध्याकाळी मिळून सगळी रीडिंग झाली. सरकणं अपेक्षेच्या विसाव्या भागाएवढंही निघालं नाही. पुन्हा शून्य! पण हे शून्य वेगळं होतं. ह्या वेळी हादरे अपेक्षित उत्तरापेक्षा कितीतरी लहान होते. आता कुणी म्हणू शकत नव्हतं की उत्तर धक्क्यांत हरवलं.

गंमत अशी की मायकेल्सनला हे यश वाटलंच नाही. त्याला ईथर सापडायला हवा होता. दर तीन महिन्यांनी वर्षभर प्रयोग करायचा असं ठरलं होतं, तेही त्यांनी केलं नाही. त्या शून्याचा अर्थ लावायला फिट्झगेराल्ड आणि लोरेन्ट्झ वर्षानुवर्षं झटले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथरची गरजच नाही असं मांडलं. मायकेल्सनला मात्र शेवटपर्यंत रिलेटिव्हिटी पूर्णपणे पटली नाही. आपल्या हातून ज्या गोष्टीचा शेवट झाला, तिच्यावरच त्याचं प्रेम होतं. मला तो इथे जरा हट्टी वाटतो, आणि थोडा बिचाराही.

इथे जरा वाट सोडून आपल्या मातीकडे येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. लातूर जिल्ह्याबरोबर आपल्या उमरगा-लोहाऱ्याकडची, सास्तूरसारखी गावं गेली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या पिढीने ते पाहिलं नाही, पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी त्या रात्रीचा विषय निघाला की आजही जेवण थांबतं. ती घरं हलकी नव्हती. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण मातीत रचलेल्या, आणि वर माळवदाचं ओझं. जमिनीचा प्रत्येक झटका तसाच्या तसा भिंतीत शिरला आणि जोड सुटले. जड दगड मायकेल्सनकडेही होता. फरक होता तो जमिनीशी असलेल्या नात्यात. २००१ च्या भूकंपानंतर भूजचं जिल्हा रुग्णालय नव्याने बांधलं ते रबर आणि शिशाच्या बेअरिंगवर, ह्याच हिशेबाने. भूकंपमापकसुद्धा ह्याच सूत्रावर चालतो. सैल टांगलेलं वजन जागेवर राहतं, जमीन हलते, आणि दोघांतला फरक नोंदला जातो.

आणि समजा जमीनच नसेल तर? मला आधी वाटायचं की अवकाशात तरी सगळं शांत असेल. तिथे ना रस्ता, ना ट्रक, ना भूकंप. पण यान स्वतःच एक कारखाना असतं. यानाची दिशा वळवायला रिअ‍ॅक्शन व्हील नावाची फिरती चाकं असतात, डिटेक्टर थंड ठेवायला क्रायोकूलरचे पिस्टन, सोलर पॅनेल फिरवायला मोटर. चाकाचा बॅलन्स कितीही चांगला केला तरी थोडी खोट राहतेच. मायकेल्सनचं यंत्र अवकाशातही गेलेलं आहे. १९७१ मध्ये मंगळावर पोहोचलेल्या मरिनर ९ वर आणि दोन्ही व्हॉयेजरवर आयरिस नावाचं उपकरण होतं, तो मायकेल्सन इंटरफेरोमीटरच. २००३ मध्ये निघालेल्या मार्स एक्स्प्रेसवर त्याच जातीचं पीएफएस हे उपकरण आहे. त्याच्या स्पेक्ट्रममध्ये यानाच्याच बारीक कंपनांमुळे खोट्या रेषा उमटल्या. त्यांना घोस्ट म्हणतात. मंगळाच्या हवेत नसलेली रेषा दिसली तर केवढा गोंधळ! हबल दुर्बिणीची गोष्ट तर प्रसिद्ध आहे. १९९० मध्ये वर गेल्यावर ती उन्हातून सावलीत किंवा सावलीतून उन्हात गेली की तिची सोलर पॅनेल तापण्या-निवण्याने वाकायची आणि सगळी दुर्बीण थरथरायची. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन ती पॅनेल बदलली.

उपाय तोच, मऊ आधार. जेम्स वेब दुर्बिणीत यानाचा यंत्रांचा भाग आणि दुर्बीण ह्यांच्या मध्ये सुमारे १ हर्ट्झचे आयसोलेटर आहेत. समजा चाक मिनिटाला ३,००० फेरे फिरतंय, म्हणजे ५० हर्ट्झ. गुणोत्तर ५०, त्याचा वर्ग २,५००. डँपिंग सोडून दिलं तर धक्क्याचा अडीच हजारावा भागच पलीकडे पोहोचतो. कागदावर फार सुंदर! पण त्यातही मेख आहे. कक्षेत वजन नाही, म्हणून मऊ स्प्रिंग दबत नाही. जमिनीवर टेस्टिंग करताना मात्र ती वर सांगितल्याप्रमाणे २५ सेंटिमीटर दबणार. आणि रॉकेट सुटताना तर सगळंच गदागदा हलतं, तिथे मऊ आधार म्हणजे उपकरण आपटून फुटणं. म्हणून उड्डाणाच्या वेळी उपकरण कुलूपबंद करतात, त्याला लॉन्च लॉक म्हणतात, आणि कक्षेत पोहोचल्यावर ते सोडतात. कुलूप उघडलं नाही तर मोहिमेचं वाटोळं. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर (२०१५) वेगळीच युक्ती आहे. तिथल्या अल्ट्राव्हायोलेट दुर्बिणीत यान किती सरकलं हे साध्या प्रकाशातल्या चित्रांवरून पाहतात आणि नंतर तेवढं सरकणं काढून टाकतात.

लायगोमध्ये तर ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांवर टांगलेले असतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तेव्हा आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या आकाराच्या एका छोट्या अंशानेच बदललं होतं. औंढ्याचं काय? हिंगोली भागात २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, हे आपण बातम्यांत वाचलं. अशा मोठ्या धक्क्याच्या वेळी यंत्राची मोजणी काही काळ बंद पडणारच. रोजची बारीक थरथर, म्हणजे रस्त्याची, रेल्वेची, वाऱ्याची, समुद्राच्या लाटांची, हीच ह्या यंत्राची खरी डोकेदुखी असते.

आता मायकेल्सनकडे परत येऊ. १८८९ मध्ये त्याने क्लीव्हलँड सोडलं आणि १८९२ पासून शिकागो युनिव्हर्सिटीत फिजिक्स विभागाचा प्रमुख झाला. त्याच काळात पॅरिसजवळ सेव्हर इथे जाऊन त्याने मीटरची लांबी कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या तरंगांत मोजून दिली : १५,५३,१६३.५ तरंग. प्लॅटिनमची कांडी हरवली तरी मीटर हरवणार नाही ही खात्री त्याने दिली. १९०७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. विज्ञानातलं नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकन. आणि ते मिळालं अचूक प्रकाशीय उपकरणं व त्यांच्या साहाय्याने केलेल्या मोजमापासाठी. घरी मात्र सगळं अचूक नव्हतं. १८९८ मध्ये मार्गारेटशी घटस्फोट झाला, पुढच्या वर्षी एडना स्टँटनशी लग्न. दोन्ही लग्नांतून तीन-तीन मुलं. पहिल्या घराशी नातं तुटलं ते तुटलंच. पहिल्या महायुद्धात पासष्टी उलटलेला असताना पुन्हा नौदलाचा गणवेश चढवून त्याने रेंजफाइंडरवर काम केलं. वेळ मिळेल तेव्हा वॉटरकलर रंगवायचा.

म्हातारपणी तो आणखीच मोठी स्वप्नं बघू लागला. डिसेंबर १९२० मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर ६ मीटरचा तुळईसारखा इंटरफेरोमीटर बसवून मृग नक्षत्रातल्या काक्षी ताऱ्याचा व्यास मोजला गेला. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा हा पहिला मोजलेला व्यास. १९२५ मध्ये इलिनॉयमध्ये ६१२ बाय ३३९ मीटरच्या चौकोनात पाइप टाकून, त्यातली हवा काढून, त्याने पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं प्रकाशाने मोजलं. अपेक्षित सरकणं ०.२३६, मिळालं ०.२३०. १९२६ मध्ये दोन डोंगरांच्या मध्ये, ३५ किलोमीटरवर, प्रकाश पाठवून वेग काढला : २,९९,७९६.

तरी समाधान नाही. डोंगरांमधली हवा त्याला खुपत होती. मग कॅलिफोर्नियात सँटा आनाजवळच्या एका रँचवर एक मैल लांबीचा, जवळजवळ मीटरभर व्यासाचा पाइप टाकून त्यातली हवा उपसायचं ठरलं. बरोबर पीज आणि पिअर्सन होते. १९३१ च्या जानेवारीत आइन्स्टाइन पॅसाडीनाला आला तेव्हा दोघांची भेट झाली. मायकेल्सन तेव्हा खूप आजारी होता. पाइपमधली रीडिंग सुरू झाल्यावर तो अंथरुणावरूनच हिशेब घेत असे. एकूण २३३ मालिकांपैकी ३६ झाल्या होत्या, तेव्हा ९ मे १९३१ रोजी तो गेला.

पीज आणि पिअर्सन यांनी काम १९३३ पर्यंत पुरं केलं. पाइपखालची जमीन गाळाची होती, ती जराजराशी सरकत राही. काम संपत आलं आणि १९३३ च्या मार्चमध्ये जवळच लाँग बीचचा भूकंपही झाला. हवा काढली होती, जमीन काढता येत नव्हती. शेवटचा आकडा आला २,९९,७७४. आजची मान्य किंमत २,९९,७९२.४५८ आहे, म्हणजे १८ ने कमी. १९२६ मध्ये त्याने उघड्या हवेत, खडकाच्या दोन डोंगरांवर उभं राहून काढलेला आकडा फक्त ४ ने चुकला होता.